‘दम’ एक की अनेक? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘दम’ हा शब्द मराठीत इतका मुरलेला आहे की तो बाहेरून आला असेल असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. मग कधीतरी गीतेत ‘शम-दम’ भेटतो, कुणी सांगतं की अरबीत ‘दम’ म्हणजे रक्त, कुणी ॲमस्टरडॅममधला ‘डॅम’ पुढे करतं, आणि प्रश्नांची रांग लागते. सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच शंका असते: कानाला सारखे लागणारे हे शब्द एकाच घरातले का? बहुतेक नाहीत. पण जे खरोखर एका घरातले आहेत ते कानाला वेगळे लागतात. मला या शब्दाची सगळ्यात मोठी गंमत तिथे वाटते, म्हणून उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत.

आपण रोज बोलतो तो ‘दम’ मुळात कुठला?

फारसी. फारसीत ‘दम’ म्हणजे श्वास, फुंकर. एक श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ म्हणजे क्षण, म्हणून ‘दम’चा दुसरा अर्थ क्षण, ‘दमबदम’ म्हणजे क्षणोक्षणी. तिसरा अर्थ शस्त्राची धार. लिहिताना फक्त दोन अक्षरं लागतात, दाल आणि मीम. ऱ्हस्व स्वर त्या लिपीत सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे नेमकी हीच दोन अक्षरं ‘दुम’ अशी वाचली की अर्थ होतो शेपूट. वाचणाऱ्याने संदर्भावरून ठरवायचं.

आजच्या इराणी उच्चारात हा शब्द ‘दॅम’कडे झुकतो. आपला ‘दम’ आखूड अकाराचा आहे.

श्वासापासून धमकीपर्यंत अर्थ पोचला कसा?

मराठी वाक्प्रचार नुसते शेजारी शेजारी ठेवले तरी वाट दिसते. ‘जरा दम घेऊ दे’, ‘जिना चढून दम लागला’, ‘एका दमात सांगून टाकलं’ यांत दम म्हणजे सरळसरळ श्वास. ‘दम धर’ म्हणजे श्वास रोखून थांब, म्हणून धीर धर. त्यातूनच ‘दमानं घे’ आणि ‘त्याला दम निघत नाही’. ज्याच्या छातीत श्वास टिकतो त्याच्यात ताकद, म्हणून ‘दमदार’, ‘दम असेल तर समोर ये’. ताकद वस्तूतही असते, विचारातही असते, म्हणून ‘या मुद्द्यात दम नाही’.

धमकीचा अर्थ थोडा वळसा घेऊन येतो. फारसीत ‘दम ज़दन’ म्हणजे बोलणं, तोंड उघडणं. आणि एखाद्या गोष्टीचा ‘दम’ मारणं म्हणजे तिच्याबद्दल मोठा दावा करणं, बढाई मारणं. श्वासाचा आवाज झाला, आवाजाची बढाई झाली. मराठीने ती बढाई समोरच्याच्या अंगावर सोडली: ‘दम दिला’, ‘सज्जड दम भरला’, ‘दमदाटी केली’.

‘बेदम’कडेही बघण्यासारखं आहे. शब्दशः अर्थ ‘श्वास नसलेला’. हे विशेषण खरं तर मार खाणाऱ्याचं. पण आपण ‘बेदम मारहाण’ म्हणतो, म्हणजे विशेषण माणसावरून उठून माराला जाऊन चिकटलं. मार इतका की श्वास उरू नये, हा भाव मात्र जसाच्या तसा राहिला.

‘दमखम’मधला दमही श्वासच का?

नाही, तिथे धार आहे. ‘खम’ म्हणजे बाक. दमखम म्हणजे तलवारीची धार आणि तिचा बाक. पातं चांगलं कशाला म्हणायचं, तर धार हवी आणि वाकूनही न तुटण्याचा गुण हवा. आज आपण खेळाडूचा किंवा संघाचा दमखम बघतो तेव्हा ती तलवार विस्मरणात गेलेली असते. ‘खम’चा शब्दशः अर्थ कळला की हा शब्द एकदम डोळ्यांसमोर उभा राहतो.

हिंदीतला ‘दम भरना’ आणि मराठीतला ‘दम भरणे’ एकच का?

शब्द एक, अर्थ चक्क उलट म्हणावेत इतके दूर. हिंदीत कुणी मैत्रीचा ‘दम भरता है’ तेव्हा तो मैत्रीची ग्वाही देत असतो, अभिमानाने सांगत असतो. मराठीत दम भरणारा माणूस समोरच्याला धमकावत असतो. हिंदी-उर्दूतल्या ‘दम देना’ला फसवण्याचीही छटा आहे, मराठीत ‘दम देणे’ म्हणजे फक्त धाक दाखवणे. भाषांतर करताना इथे हमखास घोटाळा होतो.

मग गीतेतल्या ‘शम-दम’चा दम वेगळा?

पूर्ण वेगळा. सोळाव्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात ‘दानं दमश्च यज्ञश्च’ असा दैवी गुणांमध्ये तो येतो, आणि अठराव्यात ‘शमो दमस्तपः शौचम्’ असा पुन्हा भेटतो. हा ‘दम्’ या संस्कृत धातूचा दम: आवरणे, ताब्यात आणणे, माणसाळवणे. इथे इंद्रियं ताब्यात आणायची आहेत. ‘दमन’, ‘दांत’ म्हणजे इंद्रियनिग्रही, ‘अरिंदम’ म्हणजे शत्रूला नमवणारा, हे सगळे याच घरचे.

या धातूचा मूळ रंग मात्र गोठ्यातला आहे. अमरकोशात ‘दम्यवत्सतरौ समौ’ असं दिलं आहे: दम्य आणि वत्सतर हे समानार्थी. दम्य म्हणजे अजून जुवाखाली न गेलेला, शिकवायचा राहिलेला गोऱ्हा. तत्त्वज्ञानातला इंद्रियनिग्रह समजून घ्यायला मला या गोऱ्ह्याइतकी मदत दुसऱ्या कशाचीच झालेली नाही. गोऱ्ह्याला मारून टाकायचं नसतं, त्याची ताकद कामाला लावायची असते.

बृहदारण्यक उपनिषदात (5.2) प्रजापती देव, मनुष्य आणि असुर या तिघांनाही एकच अक्षर ऐकवतो, ‘द’. देव त्याचा अर्थ ‘दाम्यत’ घेतात, म्हणजे स्वतःला आवरा. माणसं ‘दत्त’, म्हणजे द्या. असुर ‘दयध्वम्’, म्हणजे दया करा. एकच ध्वनी, ऐकणारे तीन आणि अर्थही तीन!

स्मृतिग्रंथांत याच ‘दम’ला आणखी एक अर्थ आहे, दंड, म्हणजे गुन्ह्याबद्दल भरायची रक्कम.

दोन्ही ‘दम’ एक नाहीत हे कशावरून? संस्कृत आणि फारसी तर बहिणी आहेत ना?

बहिणी आहेत, म्हणूनच नीट तपासता येतं. या दोन भाषांत ध्वनींचा ठरलेला हिशेब आहे. संस्कृतात जिथे घ, ध, भ असे महाप्राण होते तिथे फारसीत साधे ग, द, ब मिळतात. संस्कृत ‘घर्म’ तर फारसी ‘गर्म’. ‘भ्रातृ’ तर ‘बिरादर’. ‘बन्ध’ तर ‘बंद’. आता फारसी ‘दम’ला हाच नियम लावा. श्वास, फुंकर या अर्थाचा त्याचा संस्कृत भाऊ ‘ध’ने सुरू व्हायला हवा. आणि तो आहेच: ‘धम्’ किंवा ‘ध्मा’, म्हणजे फुंकणे. संस्कृतात ‘धमति’ म्हणजे फुंकतो, फारसीत ‘दमीदन’ म्हणजे फुंकणे.

या ‘धम्’पासून मराठीत रोज वापरात असलेला शब्द कोणता? ‘धमनी’. मुळात धमनी म्हणजे फुंकनळी, पोकळ नळी. मग शरीरातली नळी.

म्हणजे धाप लागल्यावर आपण ज्याला ‘दम’ म्हणतो तो गीतेतल्या ‘दम’चा कुणीच लागत नाही, पण ‘धमनी’चा मात्र रक्ताचा नातेवाईक आहे. एक फारसीच्या वाटेने आला, दुसरी संस्कृतच्या, आणि दोघं मराठीत येऊन शेजारी राहू लागले. हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हापासून शब्दांच्या नुसत्या साम्यावर विसंबायचं मी सोडून दिलं.

‘दमा’ आणि ‘दमणे’ यांचं काय?

दमा सरळ आहे. फारसीत ‘दमा’ म्हणजे धाप लागण्याचा विकार, आणि लोहाराचा भातासुद्धा. दोन्हीकडे हवा जोराने आतबाहेर होते.

‘दमणे’ला एका घरात कोंबू नये असं माझं मत आहे. रूप बघितलं तर ते संस्कृत ‘दम्’ धातूशी जुळतं: काम करून करून जोर ओसरलेला बैल डोळ्यांसमोर आणा. पण बोलणाऱ्याच्या मनात ‘दमलो’ आणि ‘दम लागला’ हे एकमेकांना चिकटलेले असतात. ‘दमछाक’ म्हणताना तर श्वासच आठवतो. दोन वेगळ्या उगमांचे शब्द एका भाषेत शेजारी आले की बोलणारे त्यांच्यात नातं जुळवून टाकतात, आणि पुढे ते नातंही भाषेच्या इतिहासाचाच भाग होतं.

दमयंतीच्या नावात कोणता दम आहे?

संस्कृतचा, ताब्यात आणण्याचा. महाभारताच्या वनपर्वातली कथा अशी: विदर्भाचा राजा भीम निपुत्रिक होता. दमन नावाच्या ऋषीने त्याला वर दिला. त्यातून एक मुलगी आणि तीन मुलगे झाले, आणि राजाने चौघांची नावं त्या ऋषीच्या नावावरून ठेवली: दमयंती, दम, दांत, दमन. एकाच धातूची चार रूपं एका घरात नांदली.

‘दंपती’ शब्दातही ‘दम’ ऐकू येतो. तो कोणता?

हा तिसराच, आणि मला सगळ्यांत आवडणारा. वेदांच्या भाषेत ‘दम’ म्हणजे घर. ऋग्वेदाच्या अगदी पहिल्या सूक्तात, आठव्या ऋचेत, अग्नीला ‘वर्धमानं स्वे दमे’ म्हटलं आहे, म्हणजे स्वतःच्या घरात वाढणारा. इथे ‘आत्मसंयमात वाढणारा’ असा अर्थ लावायचा मोह होतो. सूक्ताच्या संदर्भात तो बसत नाही. अग्नी घरातल्या वेदीवर प्रज्वलित होतो, हेच ते घर.

दम्-पती म्हणजे घराचा धनी. ऋग्वेदात हा शब्द एकवचनात त्या अर्थाने येतो, आणि द्विवचनात घराचे दोन्ही मालक, नवरा-बायको. पुढे घर या अर्थाचा ‘दम’ वापरातून गेला आणि शब्दाची फोड लागेना. तेव्हा परंपरेतल्या वैयाकरणांनी ‘जाया’ शब्दाच्या जागी समासात ‘दम्’ येतो अशी व्यवस्था लावली. व्यवस्था चतुर आहे, पण इतर भाषांतली भावंडं घराच्याच बाजूने साक्ष देतात. लॅटिन ‘दोमुस’ म्हणजे घर, रशियन ‘दोम’ म्हणजे घर. ग्रीक ‘देस्पोतेस’ तर जवळजवळ दंपतीच: पहिला भाग घर, दुसरा पती. त्याचाही मूळ अर्थ घरधनी. हाच शब्द इंग्रजीत ‘डेस्पॉट’ झाला आणि जुलमी सत्ताधीशाला लागला. आपल्याकडे त्याच जोडीतून प्रेमाने एकत्र राहणारं जोडपं तयार झालं.

इंग्रजीतला ‘डॅम’ म्हणजे धरण. त्याचं संस्कृतशी काही नातं?

नाही, आणि तेही हिशेबाने दाखवता येतं. इंग्रजी, डच या भाषांत जुना ‘द’ बदलून ‘ट’ झाला: ‘दश’ तिकडे ‘टेन’, ‘द्वि’ तिकडे ‘टू’. म्हणून संस्कृत ‘दम्’ धातूचं इंग्रजी भावंड ‘टेम’, म्हणजे माणसाळवणे. अर्थ तंतोतंत तोच. उलट त्या भाषांतला आजचा ‘ड’ बहुधा जुन्या ‘ध’चा वारस असतो: ‘विधवा’ तिकडे ‘विडो’, ‘रुधिर’च्या घरातला ‘रेड’. तेव्हा ‘ड’ने सुरू होणारा धरणाचा ‘डॅम’ आपल्या ‘द’च्या दमाशी जुळूच शकत नाही.

ॲमस्टरडॅम म्हणजे ॲमस्टल नदीवरचा बांध, रॉटरडॅम म्हणजे रॉटे नदीवरचा. ॲमस्टरडॅमचं नाव 1275 सालच्या जकातमाफीच्या सनदेत पहिल्यांदा लेखी सापडतं, आणि तिथे लोकांची ओळखच ‘ॲमस्टलच्या बांधापाशी राहणारे’ अशी दिली आहे.

इंग्रजीत आणखी एक ‘डॅम’ आहे, घोड्यांच्या वंशावळीतला: शिंगराची आई. हा फ्रेंच ‘दाम’वरून आला, ‘दाम’ लॅटिन ‘दोमिना’वरून, म्हणजे घरची मालकीण, आणि ‘दोमिना’ त्या ‘दोमुस’वरून. म्हणजे शिंगराच्या आईचा ‘डॅम’ ऋग्वेदातल्या घराच्या ‘दम’शी दूरच्या नात्याने जोडलेला आहे, आणि स्पेलिंग तंतोतंत तेच असलेला धरणाचा ‘डॅम’ त्याचा कुणीच नाही.

अरबीत ‘दम’ म्हणजे रक्त. मग ‘आदमी’ त्यावरूनच का?

अरबी ‘दम’ म्हणजे रक्त हे बरोबर. हा सेमिटिक, म्हणजे अरबी-हिब्रूच्या कुळातल्या, भाषांचा फार जुना, सामाईक शब्द आहे: अक्कडियनमध्ये ‘दामु’, हिब्रूत ‘दाम’, अम्हारिकमध्ये ‘देम’, माल्टीजमध्ये ‘देम्म’. बायबलच्या नव्या करारात येणाऱ्या ‘हकलदमा’ या जागेच्या नावाचा अर्थ रक्ताचं शेत. सोकोत्रा बेटावरच्या एका झाडाच्या लालभडक डिंकाला अरबीत ‘दम अल्-अखवैन’ म्हणतात, दोघा भावांचं रक्त.

‘आदमी’ हा ‘आदम’वरून आला, म्हणजे आदमची संतती. हिब्रूत ‘आदाम’ माणूस, ‘अदामा’ माती, ‘अदोम’ लाल आणि ‘दाम’ रक्त असे चार शब्द कानाला फार जवळ आहेत आणि बायबलच्या लेखकांनी ती जवळीक मुद्दाम वापरली आहे. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात माणसाचं रक्त सांडणाऱ्याचं रक्त माणसाकडूनच सांडलं जाईल अशा अर्थाचं वाक्य आहे. मूळ हिब्रूत त्यात ‘दाम’ आणि ‘आदाम’ एकमेकांवर आपटत जातात. तो ध्वनीचा प्रभावी वापर आहे. एवढ्यावरून ‘आदमी म्हणजे रक्ताचा’ अशी व्युत्पत्ती सांगत सुटू नये.

‘दमडी’त दम आहे का?

दम नाही, दाम आहे, आणि दाम थेट ग्रीसहून आला. ग्रीक ‘द्राख्मे’ हे एक नाणं, मूळ अर्थाने मूठभर. ओबोल नावाची सहा लहान नाणी मिळून एक द्राख्मे. आपल्याकडे त्याचा ‘द्रम्म’ झाला. भास्कराचार्यांनी लीलावतीच्या सुरुवातीलाच कोष्टक दिलं आहे: 20 कवड्यांची एक काकिणी, 4 काकिणींचा एक पण, 16 पणांचा एक द्रम्म, 16 द्रम्मांचा एक निष्क.

द्रम्मचा ‘दम्म’ आणि दम्मचा ‘दाम’ झाला. वाट नेहमीची आहे: कर्म, कम्म, काम; तसंच चर्म, चम्म, चाम. पुढे ‘डी’ लागताना चामचा ‘चमडी’ झाला तसा दामचा ‘दमडी’. ‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाही’ या म्हणीतलं यमक म्हणून नुसतं योगायोगाचं नाही. दोन्ही शब्द एकाच चालीने घडत आले आहेत. अकबराच्या काळी दाम हे तांब्याचं नाणं होतं, 40 दामांचा एक रुपया, आणि दमडी म्हणजे दामाचा आठवा भाग.

जाता जाता: ‘साम, दाम, दंड, भेद’ हे आपल्या तोंडात बसलं असलं तरी राजनीतीच्या जुन्या ग्रंथांतला दुसरा उपाय ‘दान’ आहे. देण्याच्या जागी पैसा येऊन बसला.

इंग्रजीत ‘आय डोन्ट गिव्ह अ डॅम’ म्हणतात तो आपलाच दाम ना?

ही कथा खूप फिरते. पुरावा तिच्या बाजूने नाही. तो शब्द लॅटिन ‘दाम्नारे’वरून आला, म्हणजे दोषी ठरवणे, आणि त्यामागे ‘दाम्नुम’, म्हणजे नुकसान. स्मृतींमधल्या दंड या अर्थाच्या ‘दम’शीही त्याचं नातं नाही, अर्थ कितीही जुळले तरी.

आणखी कोणत्या भाषांत ‘दम’ आहे?

तुर्कीत ‘दाम’ म्हणजे छप्पर. तिथली म्हण आहे की छपरावरून पडलेल्याचं दुःख छपरावरून पडलेल्यालाच कळतं. आपलं ‘जावे त्याच्या वंशा’. फारसी ‘दम’ही तुर्कीने घेतला, पण ‘देम’ असा, त्यामुळे तिथे दोघांची गल्लत होत नाही. स्वीडिशमध्ये ‘दम्म’ म्हणजे धूळ आणि ‘दम्म’ म्हणजे तळंही, उगम वेगवेगळे. कोरियनमध्ये ‘दाम’ म्हणजे कुंपणाची भिंत. चिनी मुळाचा दुसरा ‘दाम’ म्हणजे पित्ताशय, आणि ज्याचं पित्ताशय मोठं तो धाडसी. मराठीतही ‘दम’वाला धाडसीच. निव्वळ योगायोग.

पोलिशमध्ये ‘दाम’ म्हणजे ‘मी देईन’. हा मात्र परका नाही: त्यातला ‘दा’ आपल्या ‘देणे’तला आणि शेवटचा ‘म’ संस्कृत ‘ददामि’मधल्या ‘मि’चा सख्खा भाऊ आहे.

जुन्या ग्रंथात ‘दम’ दिसला तर अर्थ कसा ठरवायचा?

आधी ग्रंथ कोणत्या काळचा आणि कोणत्या विषयावरचा ते बघा, मग शेजारचे शब्द. ऋग्वेदात ‘दमे’ असं सप्तमीत आलं तर घर. उपनिषदं, गीता, 1290 सालची ज्ञानेश्वरी यांत शम, तप, दान यांच्या पंगतीत असेल तर निग्रह. बखरीत किंवा जुन्या पत्रात धरणे, देणे, राहणे, निघणे अशी क्रियापदं लागली असतील तर फारसी श्वास. स्मृतीत किंवा न्यायनिवाड्याच्या संस्कृत ग्रंथात जवळपास एखादा आकडा आणि ‘पण’ हे नाणं दिसलं, तर तो दंडच.